बरं, या मंग

१

मृत्युंजय तसा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्याच्याबद्दल जे सांगायचं आहे ते फारसं चांगलं नाही.

बीडला बार्शी नाक्याच्या पुढं मोहनरावांची दूध डेअरी होती. तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं काही मृत्युंजय बघायचा. सन दोन हजार दोनचा उन्हाळा. गावात सायबर कॅफे निघाले होते, कोचिंग क्लासच्या पाट्यांवर कॉम्प्युटरचं चित्र आलं होतं, आणि मोहनरावांनाही वाटलं होतं की आपण मागं राहू नये. मग मृत्युंजयनं औरंगाबादहून जुनी यंत्रं आणली, भिंती फोडून वायरी ओढल्या, आणि कोपऱ्यातल्या एका यंत्राला ऑफिसचा वेब सर्व्हर केला. दूध किती आलं, टँकर कुठं आहे, कोणता गवळी रुसला, हे सगळं त्या एका यंत्रात राहायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या टेबलावरून पानं उघडून ते बघायचं. यंत्रावर त्यानं एक कागद चिकटवला होता, त्यावर लिहिलं होतं : नंदी. पिंडीचं दर्शन घ्यायचं तर आधी नंदीला ओलांडून जावं लागतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. लोक दोनदा हसले, तिसऱ्यांदा हसेनासे झाले, पण त्यानं सांगणं सोडलं नाही.

भिंतीत त्यानं वायरीचे सतरा डबे बसवले होते. एक नंबर नंदीचा, दोन मोहनरावांच्या केबिनचा, तीन हेडक्लार्कचा, चार टायपिस्ट शिवकन्येचा, पाच त्याचा स्वतःचा. सहा नंबरचं टेबल शिवकन्येसमोर रिकामंच होतं, नव्या माणसासाठी ठेवलेलं. त्यापुढचे डबे स्टोअररूम, व्हरांडा असे करत करत थेट फाटकाशेजारच्या वॉचमनच्या खोलीपर्यंत गेले होते. तिथं सतरावा. तिथं कॉम्प्युटर कधीकाळी येणार होता. ज्या डब्याचा जो आकडा, तोच तिथं जोडलेल्या यंत्राचा आकडा. कोण, किती वाजता, कोणतं पान बघून गेलं याची नोंद नंदी आपोआप ठेवायचा.

ही नोंद रोज सकाळी वाचणं हे मृत्युंजयचं काम नव्हतं. पण चहाच्या आधी तो तीच वाचायचा. खुर्चीत मागं रेलायचा, खुर्ची दोनदा कुईकुई करायची, आणि मग तो आकड्यांवरून बोट फिरवायचा.

२

शिवकन्या त्याची बायको. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिला टायपिंग येत होतं म्हणून मोहनरावांनीच तिला कामावर बोलावलं. गावोगावी दूध गोळा करणाऱ्या केंद्रांचे निरोप घेणं आणि त्यांना उत्तरं देणं हे तिचं काम. तलवाड्याचं केंद्र आणि शिरूर कासारचं केंद्र रोज फोन लावून मोडेममधून ऑफिसच्या सर्व्हरला जोडून घ्यायचं. आधी मोडेम किर्रर्र करून ओरडायचा, मग निरोपाच्या पानावर एकेक ओळ उमटायची.

तलवाड्याचा भारत कोरडाठाक माणूस. 'टँकर निघाला.' संपलं.

शिरूर कासारचा संगमेश मात्र वेगळा. तो लिहायचा, 'आज सुग्रीवच्या म्हशीनं लाथ मारली, दूध कमी, सुग्रीव जास्त दुखावला.' शिवकन्या तोंडावर पदर धरून हसायची आणि उत्तर टाइप करायची, 'म्हशीची चौकशी केली म्हणून सांगा.' शिरूर कासार तिचं माहेर. संगमेश तिच्याच गल्लीतला.

मृत्युंजयनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि हेच वाईट झालं. पाहिला असता तर माणूस केवढा, दिसतो कसा, याचा हिशेब झाला असता. न पाहिलेला संगमेश त्याच्या डोक्यात दिवसेंदिवस उंच होत गेला, गोरा होत गेला. शिवकन्या हसली की मृत्युंजयच्या छातीत काहीतरी पेटायचं. आपल्यासमोर ती अशी हसत नाही, हे त्याला दिसत होतं. आपण तिला हसवायला काही बोलतही नाही, हे त्याला दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्याच्या शर्टाची कॉलर मानेपाशी उसवली. तो ऑफिसातच तिच्या टेबलाजवळ जाऊन म्हणाला, "एक टाका घाल की."

"काढून द्या घरी गेल्यावर," शिवकन्या म्हणाली. "अंगावरचा कपडा शिवत न्हाईत."

"कावून?"

"शिवत न्हाईत म्हंजे न्हाईत. मेलेल्याचा शिवतेत तसा."

एवढ्यात मोडेम किरकिरला आणि ती पडद्याकडं वळली. मृत्युंजयनं मनाला लावून घेतलं. संगमेशच्या म्हशीला वेळ आहे, नवऱ्याच्या कॉलरीला नाही. घरी गेल्यावर त्यानं शर्ट काढून दिलाच नाही. मुद्दाम तसाच फाटका घालून फिरू लागला, की तिला दिसावं.

३

शेवटी एका सोमवारी त्यानं दार लावलं.

मोहनरावांना त्यानं सांगितलं, "अप्पा, बाहेरून कोणीबी सर्व्हरमधी घुसू शकतंय. आपले दुधाचे आकडे दुसऱ्या डेअरीला कळतेत. बाहेरचं बंद करावं लागतंय." अप्पांना यातलं अर्धं कळलं, पण 'दुसरी डेअरी' हे पूर्ण कळलं. ते म्हणाले, "कर."

नियम सोपा होता. एक ते सहा आकडे घरचे, बाकी सगळे बाहेरचे. बाहेरच्यानं पान मागितलं की नंदीनं नाही म्हणायचं. केंद्रांनी यापुढं तोंडी फोन करावा आणि तो फोन हेडक्लार्कनं घ्यावा. शिवकन्येला त्यानं फक्त टाइप करायचं काम ठेवलं. निरोपाचं पान आता ऑफिसातल्या ऑफिसात राहिलं.

दुसऱ्याच दिवशी तलवाड्याच्या भारतनं अप्पांकडं तक्रार केली, की पान उघडलं तर इंग्रजीत काहीतरी येतं, मनाई, चालते व्हा, असं.

अप्पा तापले. लोक त्यांच्या ऑफिसात भांडायला यायचे आणि चहा पिऊन जायचे, असा तो माणूस. "मृत्युंजय, आपल्या मानसाला असं हाकलतेत का बे? दारावर आलेल्याला 'जा' म्हनू नये. नीट बोलायला शिकव तुझ्या त्या नंदीला."

मृत्युंजय जागेवर येऊन बसला. खुर्चीनं कुईकुई केलं. इंग्रजी वाक्य पुसून त्यानं विचार केला. इथं पाहुण्याला निरोप देताना जे म्हणतात तेच लिहावं. बसून बसून पाहुणा कंटाळा आणतो, उठायचं नाव घेत नाही, तेव्हा आपण हात जोडून जे म्हणतो, आणि जे ऐकून शहाणा माणूस चप्पल शोधायला लागतो, ते.

त्यानं लिहिलं : बरं, या मंग.

लिहून झाल्यावर तो स्वतःशीच हसला. संगमेशनं हे वाचलं की त्याला कळेल. आपल्याकडं कोणालाही कळेल.

४

बुधवारी सकाळी नोंद वाचताना त्याचं बोट थांबलं.

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी निरोपाचं पान मागितलं होतं. नंदीनं नाही म्हटलं होतं. मग पुन्हा मागितलं. मग पुन्हा. अकरा वेळा. आणि आकडा होता सतरा.

फोनवरून येणाऱ्या केंद्रांना विशीतले आकडे मिळायचे. सतरा म्हणजे फाटकाजवळची खोली. तिथं यंत्रच नव्हतं. धुळाजी वॉचमन होता, त्याची घोंगडी होती आणि पाण्याचा माठ होता.

मृत्युंजयचं पहिलं मत असं झालं, की संगमेशनं काहीतरी चलाखी केली. माणूस जळायला लागला की त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर एकच सापडतं. तरी तो उन्हातून फाटकापर्यंत गेला. डबा भिंतीत जिथल्या तिथं होता, रिकामा, त्यावर कोळ्यानं जाळं धरलेलं.

"धुळाजी, काल दुपारी कोन आलतं?"

"एक पाव्हणा आलता," धुळाजी म्हणाला. "मी म्हनलं अप्पा न्हाईत. तर येतो म्हनला आन् बसूनच राह्यला."

"कुठं?"

धुळाजीनं हनुवटीनं डब्याखालची जागा दाखवली. "तितं. भितीला टेकून. लई दमल्याला दिसत व्हता. मी माठातलं पानी दिलं."

"कसा होता दिसायला?"

धुळाजीनं बराच वेळ विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर जरा खजील भाव आला. "ध्यानात न्हाई बघा," तो म्हणाला.

मृत्युंजय परतला. वायरी जिथं एकत्र होत होत्या तो डबा नंदीच्या वर भिंतीला होता आणि प्रत्येक आकड्याचा एक हिरवा दिवा त्याच्यावर होता. सतरा नंबरचा दिवा विझलेला होता. त्याला बरं वाटलं. मग त्याचं लक्ष गेलं, बाराचा दिवा लागला होता. बारा म्हणजे व्हरांडा.

५

गुरुवारी आकडा बारा. शुक्रवारी नऊ. नऊ म्हणजे स्टोअररूम, रिकाम्या कॅन ठेवायची जागा, ऑफिसाला लागून.

दोन्ही दिवस वेळ तीच, दुपारी दोन वाजून दहा. मागितलेलं पान तेच. दरवेळी नंदीनं तेच वाक्य दाखवलं होतं.

शनिवारी मृत्युंजय मुद्दाम त्या वेळेला जागेवर बसून राहिला. त्या दिवसांत दोन वाजता बीडची वीज जायची ती पाचला यायची. पंखे थांबले. हेडक्लार्क शर्टाची बटणं सोडून बाहेर लिंबाखाली गेला, शिवकन्या डबा धुवायला गेली. सगळी यंत्रं बंद. बॅटरीवर फक्त नंदी चालू होता, त्याचा मोडेम आणि वरचा दिव्यांचा डबा. नंदीची घरघर एरवी ऐकू यायची नाही, आता तेवढीच होती.

दोन वाजून दहाला नऊचा दिवा लुकलुकायला लागला.

यंत्रं बंद आहेत, हे त्यानं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. बॅटरीचा दोष असेल. उन्हानं डबा तापला असेल. असली कारणं त्याला भराभर सुचली आणि त्यातलं एकही खोटं वाटलं नाही. मग शेजारच्या स्टोअररूममध्ये कॅनचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज झाला. पडलं नव्हतं. कोणी झोपलेलं असताना आपण भांडं ठेवतो तसं, आवाज होऊ नये म्हणून जपून ठेवलेलं.

त्यानं उठून दार ढकललं. कॅनच्या रांगा, आंबट वास, झरोक्यातून पडलेलं ऊन. माणूस नव्हता. डब्याखाली भिंतीला टेकून एक कॅन पालथी घातलेली होती, बसायला घालतात तशी.

खरं तर इथं त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला राग आला. वाट पाहतोय साला, त्याच्या मनात आलं, माझ्या बायकोची वाट पाहतोय.

६

सोमवारी शिवकन्येनं त्याला हाक मारली. "अहो, हे कुणी लिवलंय?"

निरोपाच्या पानावर प्रत्येक ओळीआधी लिहिणाऱ्याचं नाव आपोआप यायचं, आकड्यावरून. या ओळीला नाव नव्हतं, नुसता सहाचा आकडा होता. समोरचं रिकामं टेबल. त्यापुढं एकच शब्द :

येतो.

मृत्युंजयनं तो शब्द दोनदा वाचला आणि एकदम त्याच्या अंगातलं सगळं ओझं उतरलं. येतो! निघताना आपण दुसरं काय म्हणतो? आठ दिवस दारात तिष्ठला, 'या मंग' 'या मंग' ऐकून ऐकून शेवटी शरमला आणि कुठूनतरी मागल्या दारानं शिरून निरोप घेऊन गेला. सहा नंबर उघडा ठेवला ही आपलीच चूक. पण गेला. संगमेश गेला. जिंकल्याचा आनंद त्याला इतका झाला की लपवता येईना.

"तुझ्या गल्लीतल्या पाहुण्यानं निरोप घेतलाय," तो शिवकन्येला म्हणाला.

"संगमेशनं? त्येचा काय संबंध?"

"उत्तर द्यावं लागतं अशाला," असं म्हणून त्यानं आपल्या जागेवर बसून, ऐटीत, आपल्या नावानं खाली लिहिलं : या.

शिवकन्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होती. "गेला असंल तर ठीक," ती म्हणाली. "मला आपलं उगं वाटलं, आलाय."

मृत्युंजयनं त्याच दुपारी नियम आणखी घट्ट केला. सहा बंद. मग म्हणाला, तीन तरी कशाला, हेडक्लार्कला काय करायचंय माझ्या बायकोचं लिहिलेलं वाचून? तीन बंद. अप्पा पान कधी उघडतच नव्हते, तेव्हा दोन बंद. शेवटी निरोपाच्या पानाला दोनच आकडे राहिले, शिवकन्येचा चार आणि त्याचा पाच. आता तिच्यापर्यंत पोचायचं तर जगात एकच वाट होती आणि ती त्याच्या खुर्चीतून जात होती. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

७

मग शिवकन्या बदलली.

घरी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. त्याला वाढताना मध्येच हसायची. एकदा म्हणाली, "तुमी असं बोलत जावा की घरीबी."

"कसं?"

"तसंच. लिवता तसं." आणि ती लाजली.

त्यानं ऑफिसात जाऊन निरोपाचं पान उघडलं. दोन दिवस तो डेअरीच्या कामानं बाहेरच होता, पानाकडं बघायला झालंच नव्हतं. पानभर ओळी होत्या. शिवकन्येच्या नावाची एक, मृत्युंजयच्या नावाची एक, पुन्हा तिची, पुन्हा त्याची. 'आज तुझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास माझ्या टेबलापर्यंत आला आणि दोन आकडे चुकले.' 'मग इकडं या की जेवायला.' 'येतो.' 'या.' शेवटच्या ओळीत तिनं विचारलं होतं, कॉलर कधी शिवायला देताय? उत्तर होतं : तुझ्या हातानं, तू म्हणशील तेव्हा.

यातलं त्यानं काहीही लिहिलं नव्हतं. नोंद काढली. त्याच्या नावाच्या सगळ्या ओळी पाच नंबरवरून आलेल्या, तिच्या चारवरून. वेळ दुपारची, दोन वाजून दहानंतरची, सगळी यंत्रं बंद असतानाची. त्या वेळेला काल तो टँकरच्या कागदासाठी कचेरीत रांगेत उभा होता.

"काल दुपारी माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?" त्यानं विचारलं.

"तुमीच की," शिवकन्या म्हणाली. "पाठमोरे. लाइट गेलती, तरी काम करत बसलता."

"लाइट नसताना काम कसं होईल?"

तिनं क्षणभर डोळे बारीक केले, काहीतरी आठवायला बघावं तसे. पण तिला जे आठवलं ते इतकं गोड असावं की तिचा चेहरा पुन्हा निवळला. "काय की बाई," ती म्हणाली.

मृत्युंजयच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या ओळी चांगल्या होत्या, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्याला तशा एका जन्मात सुचल्या नसत्या. आपल्या नावानं, आपल्या खुर्चीत बसून, आपल्या बायकोला आपल्यापेक्षा बरा नवरा होऊन दाखवणारा तो कोण? त्याच्याकडं अजूनही एकच उत्तर होतं. सकाळी अकराच्या एसटीनं तो शिरूर कासारला निघाला. कॉलर फाटकीच होती.

८

संगमेश पन्नाशीचा निघाला. टक्कल, एक पाय आखूड, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दूध मोजून हात धूत होता. मृत्युंजयला बघून त्याला खरोखरच आनंद झाला.

"या या, जावईबापू! आमच्या शिवकन्येचे मालक ना तुमी? गावाची लेक हाय ती आमच्या. बारकी असताना माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय तिनं."

मृत्युंजयला कुठं बघावं कळेना. "तुमचा कॉम्प्युटर बघायचा होता," तो कसाबसा म्हणाला.

"कवाच बांधून ठिवलाय. 'या मंग' म्हनायला लागला तवापासून हातच लावला न्हाई. मानूस म्हनतंय तवा 'या मंग' गोड लागतंय, यंत्र म्हनलं की लागलं मनाला." संगमेश हसला. यंत्र कोपऱ्यात खोक्यात होतं, वरून चादर, चादरीवर दहा-बारा दिवसांची धूळ.

मृत्युंजयनं ते बाहेर काढलं, जोडलं, फोन लावला. मोडेम किरकिरला. पडद्यावर त्याचं स्वतःचं वाक्य आलं : बरं, या मंग. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ते बाहेरून वाचलं. त्यात तो जो टोमणा लिहायला बसला होता तो त्याला कुठं सापडेना. साधं आमंत्रण होतं. दारात उभं राहून, तोंड भरून दिलेलं.

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यानं मोडेमची वायर काढली आणि त्याच फोनवरून ऑफिसचा नंबर फिरवला.

"हॅलो, डेअरी," शिवकन्येचा आवाज; हेडक्लार्क लिंबाखाली गेलेला असणार.

"मी बोलतोय."

"मी म्हंजे कोन?"

"अगं मी. मृत्युंजय."

तिच्या मागं त्याला एक आवाज ऐकू आला. कोणीतरी खुर्चीत मागं रेललं होतं. खुर्चीनं दोनदा कुईकुई केलं.

"चेष्टा करू नका," शिवकन्या म्हणाली. "आमचे हे हितंच बसलेत." मग फोनपासून तोंड वळवून, "अहो, तुमच्या नावानं कोनीतरी बोलतंय." उत्तर फार हळू आलं, त्याला शब्द कळले नाहीत. पण शिवकन्या हसली. तोंडावर पदर न धरता, मोकळं. फोन ठेवला गेला.

"काय झालं हो?" संगमेशनं विचारलं. "चेहरा का असा केला? बसा, चहा ठिवतो."

मृत्युंजय बसला नाही.

९

एसटी बीडला पोचेपर्यंत पाच वाजत आले. रिक्षा करून तो डेअरीपाशी उतरला. फाटकात धुळाजी आडवा आला.

"कोन पाह्यजे, पाव्हणं?"

"धुळाजी, मी हाय."

"अप्पा न्हाईत," धुळाजी अदबीनं म्हणाला. रोज दोनदा ज्याला रामराम घालायचा त्याच्या तोंडाकडं तो पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. "लई दमल्याले दिसता. पानी देऊ का?"

त्याला बाजूला सारून मृत्युंजय आत गेला. व्हरांडा ओलांडला, स्टोअररूम ओलांडली. ऑफिसच्या खिडकीच्या जाळीपाशी आल्यावर मात्र त्याचे पाय थांबले.

हेडक्लार्क घरी गेला होता. वीज अजून आली नव्हती. पाच नंबरच्या टेबलाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, मान खाली घालून, शहाण्या मुलासारखं. अंगात त्याचाच शर्ट. टेबलावर शिवकन्येचा डबा उघडा होता. ती त्या पाठमोऱ्याच्या मागं, अगदी जवळ उभी होती आणि तिच्या हातात सुई होती. अंगावरची कॉलर शिवत होती. टाका घालत होती आणि काहीतरी हळू बोलत होती, तो हसून मान हलवायचा आणि ती लटकं रागावून म्हणायची, "हलू नका हो." मग ती वाकली, तिचा गाल त्या मानेला लागला आणि तिनं दातानं दोरा तोडला.

मृत्युंजयचा हात आपल्या कॉलरीकडं गेला. ती उसवलेलीच होती.

त्या वेळीही त्याला भीती वाटली नाही. इतका जळाला की भीतीला जागाच उरली नाही. दोन वर्षांत एकदा तरी तिनं आपल्या मानेशी असं वाकावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याच्याआधी दुसऱ्याला मिळालं होतं. तो दाराशी जाऊन उभा राहिला. चौकट ओलांडायला पाय उचलला, तो उंबऱ्यावरच राहिला.

पाठमोऱ्यानं मान वळवायला सुरुवात केली. गाल दिसला, कानाखालचा तीळ दिसला, मृत्युंजयला होता तिथंच. तेवढ्यात शिवकन्या मध्ये आली. सुई पदराला टोचत ती दाराकडं आली. तिच्या चेहऱ्यावर सुख होतं, आणि परक्या माणसासमोर धरायचं तेवढं अंतर.

"शिवकन्या," तो म्हणाला.

तिला आपलं नाव या माणसाला ठाऊक कसं, याचं थोडं नवल वाटलेलं दिसलं. पण दारावर आलेल्याला 'जा' म्हणू नये, हे त्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. तिनं हात जोडले.

"अप्पा न्हाईत आज," ती गोड आवाजात म्हणाली. "बरं, या मंग."

आणि मृत्युंजयची जीभ जन्माच्या सवयीनं वळली.

"येतो," तो म्हणाला.

तो व्हरांड्यातून परत फिरला. उन्हं कलली होती, फाटकाजवळच्या खोलीत सावली होती. धुळाजीनं माठातलं पाणी दिलं ते तो प्यायला, आणि सतरा नंबरच्या डब्याखाली भिंतीला टेकून बसला.